उपद्रवी वन्यप्राणी घोषणा : राज्यांचे प्रस्ताव आणि दिरंगाई

शेतीची किंवा माणसांची हानी करणाऱ्या एखाद्या वन्य प्राण्याचे कायदेशीर संरक्षण ठरावीक भागात, ठरावीक मुदतीपुरते काढून घेणाऱ्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेला उपद्रवी वन्यप्राणी घोषणा म्हणतात. भारतात शिकारीवर सरसकट बंदी आहे. त्यामुळे शिकारीचे नियम एखाद्या मोठ्या भागात सैल करून हवे असतील तर राज्यांपुढे हाच मुख्य मार्ग उरतो, आणि तो दिल्लीतून जातो. राज्याने प्रस्ताव पाठवायचा, केंद्राने त्रुटी काढायच्या, राज्याने पुन्हा आकडे जुळवायचे आणि तोवर भाताचा हंगाम हातचा गेलेला असायचा, हा क्रम गेली अनेक वर्षे वेगवेगळ्या राज्यांत सुरू आहे. रानडुक्कर, नीलगाय (विदर्भ-मराठवाड्यात रोही) आणि माकड हे या प्रस्तावांतले नेहमीचे प्राणी.

कायदेशीर चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ संसदेने केला तेव्हा वन्यजीव हा विषय राज्यांच्या सूचीत होता. म्हणून काही राज्यांच्या विधिमंडळांचे ठराव घेऊन, राज्यघटनेच्या अनुच्छेद २५२ खाली तो कायदा करावा लागला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्ये दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांत, आला. मुंबई राज्यात त्याआधी १९५१ चा स्वतंत्र वन्यपशू व वन्यपक्षी संरक्षण कायदा होता. १९७२ च्या मूळ कायद्यातही शिकार पूर्ण बंद नव्हती. मोठ्या आणि लहान शिकारीचे वेगवेगळे परवाने मिळत, आणि एखादा प्राणी उपद्रवी ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारकडे होता.

१९९१ च्या दुरुस्तीने दोन्ही गोष्टी बदलल्या. परवान्यांची पद्धत मोडीत निघाली आणि कलम ६२ खालचा घोषणेचा अधिकार केंद्राकडे गेला. आज राज्यांचे मंत्री ज्या दिरंगाईबद्दल दिल्लीकडे बोट दाखवतात तिचे मूळ या दुरुस्तीत आहे. नुकसान ज्याच्या हद्दीत होते त्याच्या हाती निर्णय राहिला नाही.

कायद्याच्या लेखी शिकार म्हणजे फक्त गोळी घालणे नव्हे. विष घालणे, फासे लावणे, सापळ्यात पकडणे, हाकारा घालून पिटाळणे, आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे ही शिकारच. पिकाच्या कडेला फासा लावणारा शेतकरी डुक्कर सापडले नाही तरी गुन्हेगार ठरू शकतो.

डिसेंबर २०२२ मध्ये संमत झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिने सहा अनुसूचींच्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्यांच्या, चार केल्या. कावळा, उंदीर, फळे खाणारी वटवाघळे ज्या पाचव्या अनुसूचीत होती ती गेली. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला उपद्रवी ठरवता येत नाही, दुसऱ्या अनुसूचीतल्याला येते. रानडुक्कर आणि नीलगाय दुसरीत आहेत. दक्षिणेत सगळीकडे दिसणारे, कोकण-गोव्यातल्या बागायतदारांना नकोसे झालेले लाल तोंडाचे माकड मात्र या दुरुस्तीत पहिल्या अनुसूचीत चढले. त्यामुळे त्याच्याविषयीचा प्रस्ताव आता मुळातच उभा राहू शकत नाही.

कलम ६२ शेजारी कलम ११ आहे, आणि या साऱ्या वादात ते सोयीने विसरले जाते. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा हलवणे शक्य नसले, तर राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यांच्या बाबतीत उभ्या पिकाचे नुकसान हे कारणही पुरते. आदेश लेखी हवा, कारणे नोंदलेली हवीत, क्षेत्र नेमके हवे. एका प्राण्याऐवजी प्राण्यांच्या कळपासाठीही तो काढता येतो आणि अधिकार खालच्या अधिकाऱ्यांना देता येतात. यासाठी दिल्लीला काहीच विचारावे लागत नाही. फरक एवढाच की या आदेशावर राज्यातल्या कोणाची तरी सही असते, आणि उद्या चुकीचा प्राणी मेला, गोळी भलत्याला लागली किंवा प्राणिमित्र न्यायालयात गेले तर ती सही कोणाची हे विचारले जाते. राज्ये केंद्राकडे जे मागतात त्यातला बराचसा भाग त्यांच्या हातात आधीपासून आहे. केंद्राच्या अधिसूचनेमुळे सहीची जबाबदारी टळते.

प्रस्तावाचा प्रवास

प्रस्ताव वनविभागातून मुख्य वन्यजीव रक्षकामार्फत शासनाकडे आणि तिथून केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालयाकडे जातो. मंत्रालय ज्या गोष्टी विचारते त्या अवाजवी नाहीत. कोणते तालुके, प्राण्यांची संख्या किती, नुकसान किती, कलम ११ वापरून पाहिले का, मुदत किती हवी. अडते ते आकड्यांवर. रानडुकरांची वाघांसारखी नियमित गणना होत नाही. नुकसान मोजले जाते ते भरपाईच्या अर्जांवरून, आणि अर्ज सगळे शेतकरी करत नाहीत. पंचनामा होईपर्यंत तुडवलेले पीक तसेच ठेवावे लागते, वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक यांना एका दिवशी बांधावर आणावे लागते, आणि चार गुंठ्यांच्या भुईमुगासाठी मिळणारी रक्कम खेपा घालण्याच्या खर्चात जाते. शेवटी शेतकरी नाद सोडतो. कागदावर त्या गावात नुकसान शून्य राहते आणि तोच शून्य पुढे प्रस्तावाच्या विरोधात जातो.

घोषणा झाली तरी ती सामान्यतः एका वर्षाची किंवा त्याहून कमी मुदतीची असते आणि जंगलाचे क्षेत्र वगळून असते. शेतात जखमी झालेले डुक्कर जंगलाच्या हद्दीत शिरले की अधिसूचनेबाहेर गेले. मुदत संपली की पुन्हा तोच प्रवास.

२०१५-१६ चा अनुभव

केंद्राने या काळात तीन राज्यांचे प्रस्ताव मान्य केले. १ डिसेंबर २०१५ रोजी बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय व रानडुक्कर, फेब्रुवारी २०१६ मध्ये उत्तराखंडात रानडुक्कर आणि त्यानंतर हिमाचल प्रदेशात, आधी शिमला शहरात आणि मग अनेक तहसिलांत, माकड उपद्रवी ठरले. जून २०१६ मध्ये बिहारच्या मोकामा भागात हैदराबादहून बोलावलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या आणि चित्रे देशभर पसरली. तत्कालीन केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी आपल्याच सरकारच्या पर्यावरण मंत्रालयावर उघड टीका केली. पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी प्रस्ताव राज्यांचे असतात आणि परवानगी कायद्यानुसारच दिली जाते, असे उत्तर दिले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अधिसूचनांना स्थगिती देण्यास नकार दिला. कायद्याच्या कसोटीवर या अधिसूचना टिकल्या, पण राजकीयदृष्ट्या त्या महागात पडल्या. पुढच्या प्रस्तावांना केंद्राचा हात आखडता का झाला, याचे एक कारण मोकामात शोधावे लागते.

हिमाचलचा धडा वेगळाच आहे. परवानगी मिळाली, मुदती वाढवून घेतल्या गेल्या, माकड मारण्यासाठी बक्षीसही जाहीर झाले, तरी अधिकृतपणे मारलेल्या माकडांची संख्या नाममात्र राहिली. हनुमानाच्या देशात माकडावर बंदूक रोखायला शेतकरी धजावत नव्हता. नसबंदीची केंद्रे तिथे २००७ पासून चालू होती, ती तशीच पुढे चालली.

केरळ

सर्वांत चिवट पाठपुरावा केरळने केला आणि सर्वाधिक नकारही त्यालाच मिळाले. रानडुकराला उपद्रवी ठरवण्याची त्याची मागणी केंद्राने वारंवार फेटाळली. कलम ११ पुरेसे आहे, हा त्यामागचा मुख्य युक्तिवाद. जुलै २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने याचिका करणाऱ्या शेतकऱ्यांना त्यांच्या जमिनीवर आलेली डुकरे मारू देण्याचा आदेश दिला. मे २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हे अधिकार थेट स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना द्यायचे ठरवले. पंचायतीचा अध्यक्ष परवानाधारक नेमबाजाला आदेश देऊ शकतो, ही व्यवस्था देशात सर्वांत खालपर्यंत पोचलेली आहे. मारलेले डुक्कर मात्र पुरावे लागते. कायद्यानुसार उपद्रवी घोषित न झालेला प्राणी मेल्यावरही सरकारची मालमत्ता असतो, त्यामुळे मांसाला हात लावता येत नाही. पुरण्याचा खड्डा कोणी खणायचा आणि नेमबाजाचे पैसे कोणी द्यायचे यावरून तिथल्या पंचायतींची कुरकुर चालू असते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केरळ विधानसभेने केंद्राने कायदा बदलावा असा ठराव केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने वन्यजीव कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करणारे विधेयकच मंजूर केले. विषय समवर्ती सूचीत असल्याने आणि तरतुदी केंद्रीय कायद्याशी विसंगत असल्याने ते राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय लागू होऊ शकत नाही. म्हणजे हाही रस्ता फिरून दिल्लीलाच पोचतो.

महाराष्ट्र आणि गोवा

महाराष्ट्राने कलम ११ चा मार्ग धरला. जुलै २०१५ च्या शासन निर्णयाने पिकाचे नुकसान करणारी रानडुकरे आणि रोही मारण्याच्या परवानगीची पद्धत घालून दिली. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करायचा. परवानगी मिळाली तरी मारणार कोण, हा प्रश्न उरतोच. विदर्भातल्या बहुतेक शेतकऱ्यांकडे बंदूक नाही. ते रात्री माळ्यावर जागली करतात, फटाके वाजवतात, पिकाभोवती जुन्या साड्या बांधतात, कुंपणाला सौम्य विजेचा धक्का देणारे झटका मशीन लावतात. काही जण थेट वीज सोडतात, आणि त्यात कधी वाघ मरतो, कधी शेजारचा शेतकरी.

कोकणात शेती संरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका अजून घराघरांत आढळतात. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीक संरक्षणासाठी अशा बंदुकीची खास तरतूद आहे. पण निवडणूक जाहीर झाली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. कोणाला सूट द्यायची हे छाननी समिती ठरवते. विधानसभेच्या २०१४, २०१९ आणि २०२४ च्या निवडणुका ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाल्या. भात कापणीला आलेले असते तो हाच काळ. शिकारीच्या नियमातला हा अघोषित बदल दर पाच वर्षांनी वेळेवर अमलात येतो, हे विशेष.

गोव्यात फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री रमेश तवडकर यांनी उपद्रवी प्राण्यांच्या विचाराधीन यादीत माकड, रानडुकरांबरोबर गवा आणि मोर यांचाही उल्लेख केला, तेव्हा मोठा गदारोळ उडाला. मोर राष्ट्रीय पक्षी, गवा गोव्याचा राज्यप्राणी आणि दोघेही पहिल्या अनुसूचीतले. कलम ६२ त्यांना लागूच होत नव्हते. प्रस्ताव पुढे सरकला नाही, आणि काजू-नारळाच्या बागायतदारांची खरी तक्रार त्या हशात बाजूला पडली.

विरोधाची बाजू

वन्यजीव अभ्यासकांचा आक्षेप केवळ भूतदयेचा नाही. रानडुकराची मादी एका वेतात चार-सहा पिले देते. चारा-पाणी आणि लपण तशीच राहिली तर मारलेल्यांची जागा लवकर भरते. ऊस, मका आणि पडीक जमिनीवरची घाणेरी यांनी डुकराला जंगलाबाहेर घर दिले आहे. शिवाय खुली परवानगी म्हणजे फाशांना मुभा. फासा डुक्कर आणि बिबट्या यांत फरक करत नाही. दिरंगाईमुळे अशा परवानग्या थोड्या राहिल्या, हे या बाजूच्या पथ्यावरच पडले आहे.

अन्यत्र

अमेरिकेत शिकार हा राज्यांचा विषय आहे आणि हंगामाच्या तारखा राज्यांचे आयोग ठरवतात, तरी तिथेही बदल रखडतात. पेनसिल्व्हेनियात रविवारच्या शिकारीवरची बंदी १८७३ पासूनची होती. २०१९ च्या कायद्याने वर्षातले तीन रविवार मोकळे झाले आणि सरसकट बंदी उठायला २०२५ साल उजाडले. तिथे अडवणारे सरकारी दप्तर नव्हते. रविवारी आपल्या जमिनीवर शांतता हवी असलेले शेतकरी आणि पायवाटांवर फिरणारे लोक विधिमंडळात पुरेसे वजन राखून होते.

अलीकडील घडामोडी

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. लोकांनी रस्ते रोखले आणि काही दिवसांतच कलम ११ खाली बिबट्याला ठार मारण्याचा आदेश अमलात आला. त्यानंतर राज्य सरकारने बिबट्याला पहिल्या अनुसूचीतून दुसऱ्या अनुसूचीत हलवावे, अशी मागणी केंद्राकडे लावून धरली. अनुसूची बदलण्याचा अधिकार कलम ६१ खाली केंद्राचाच आहे. अनुसूची बदलली तरी बिबट्या आपोआप उपद्रवी ठरणार नाही. त्यासाठी कलम ६२ चा स्वतंत्र प्रस्ताव, तालुक्यांच्या याद्या आणि नुकसानीचे आकडे पुन्हा पाठवावे लागतील.