चूक किती सांगावी आणि कधी

डोळ्यांवर पट्टी बांधून ठरावीक लांबीची रेघ ओढायची, हे काम दिसायला क्षुल्लक आहे. पण हालचाली शिकण्याच्या विज्ञानाची बरीचशी सुरुवात या रेघेपासून झाली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२०च्या दशकात दाखवून दिले की अशा रेघा माणसाने कितीही ओढल्या, तरी 'बरोबर' की 'चूक' हे त्याला कोणी सांगितले नाही, तर त्याच्या अचूकतेत सुधारणा होत नाही. पुढे १९३२ मध्ये ट्रोब्रिज आणि कॅसन या संशोधकांनी हाच प्रयोग चार गटांवर केला. एका गटाला काहीच सांगितले नाही, दुसऱ्याला प्रत्येक रेघेनंतर निरर्थक अक्षरे ऐकवली, तिसऱ्याला फक्त बरोबर की चूक एवढेच सांगितले आणि चौथ्याला रेघ नेमकी किती लांब किंवा आखूड झाली तेही सांगितले. चौथा गट सर्वांत पुढे गेला, तर निरर्थक अक्षरे ऐकणारा गट काहीच न ऐकणाऱ्या गटासारखा जागच्या जागी राहिला. नुसती पुनरावृत्ती म्हणजे सराव नव्हे, हे यातून स्पष्ट झाले.

मात्र या निष्कर्षावरून शिक्षकांनी आणि प्रशिक्षकांनी आणखी एक अनुमान काढले, ते असे की अभिप्राय जितका वारंवार, जितका तातडीने आणि जितका तपशीलवार, तितके शिकणे चांगले. हे अनुमान पन्नासएक वर्षे जवळजवळ निर्विवाद मानले गेले. १९८४ मध्ये सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी तोवरच्या प्रयोगांचा फेरआढावा घेतला, तेव्हा त्यातली उणीव उघड झाली. बहुतेक प्रयोगांत प्रगती मोजली जात होती ती अभिप्राय चालू असताना. अभिप्राय काढून घेतल्यावर, किंवा एखाद्या दिवसाच्या खंडानंतर, काय शिल्लक उरते हे फारसे कोणी तपासलेच नव्हते. सरावाच्या वेळी दिसणारी कामगिरी आणि टिकाऊ शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुष्कळदा त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेने जातात. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, आणि प्रत्यक्ष शिकवताना सर्वांत सहज विसरला जाणाराही.

याची चांगली पडताळणी विन्स्टीन आणि श्मिट यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सापडते. एक तरफ ठरावीक वेळात, ठरावीक आकृतिबंधात हलवायची होती. एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल कळत होता, तर दुसऱ्या गटाला निम्म्याच प्रयत्नांनंतर, आणि तेही सुरुवातीला अधिक व पुढे पुढे कमी, अशा रीतीने. सराव चालू असताना दोन्ही गट जवळपास सारखेच होते. पण दुसऱ्या दिवशी, कोणताही अभिप्राय नसताना घेतलेल्या चाचणीत कमी अभिप्राय मिळालेला गट सरस ठरला.

असे का व्हावे? हालचाल करताना शरीर स्वतःच माहिती देत असते. स्नायू आणि सांधे यांच्यातील संवेदक अवयवांची स्थिती कळवतात, अंतर्कर्ण तोल सांगतो, डोळा परिणाम पाहतो. नवशिक्याला ही माहिती मिळत असते, पण तिचा अर्थ लावता येत नसतो. आणि कौशल्य शिकणे म्हणजे बऱ्याच अंशी हा अर्थ लावायला शिकणे. प्रत्येक प्रयत्नानंतर लगेच बाहेरून निकाल आला, तर आतून आलेली माहिती तपासण्याची गरजच उरत नाही. शिवाय नवशिक्या दर वेळी थोडीथोडी दुरुस्ती करत राहतो, त्यामुळे हालचाल स्थिर होण्याऐवजी सतत हेलकावे खात राहते. स्विनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवले की हालचाल संपताक्षणी दिलेला निकाल काही सेकंदांनी दिलेल्या निकालापेक्षा शिकण्याला कमी उपयोगी पडतो, आणि हालचाल कशी झाली असावी याचा अंदाज शिकणाऱ्यालाच आधी करायला लावला तर शिकणे सुधारते. म्हणजे मधल्या शांततेतही काम चालू असते. जागरूक प्रशिक्षकाला गप्प राहणे सर्वांत अवघड जाते, ही त्यातली गंमत.

चूक विशिष्ट मर्यादेबाहेर गेली तरच बोलायचे, ही त्यावरची एक सोपी युक्ती. शिकणारा सुधारू लागला की अभिप्राय आपोआप विरळ होतो आणि प्रशिक्षकाच्या मौनाचाच अर्थ 'ठीक आहे' असा होतो. अर्थात, काम गुंतागुंतीचे असेल आणि शिकणारा अगदी नवा असेल, तर प्रारंभी भरपूर मदत लागतेच. तिथे मौन म्हणजे केवळ गोंधळ.

इथवर अभिप्रायाचा विचार निव्वळ माहिती म्हणून झाला. परंतु माणूस अभिप्राय ऐकतो तेव्हा त्याला चुकीचे मापच फक्त मिळत नाही, तर आपल्याला हे जमेल की नाही याचा अंदाजही मिळतो. गाब्रिएले वुल्फ आणि सुझेट शिविआकोव्स्की यांच्या २००२ मधील अभ्यासात, अभिप्राय केव्हा हवा हे शिकणाऱ्यांनाच ठरवू दिले, तेव्हा त्यांनी तो प्रामुख्याने चांगल्या वाटलेल्या प्रयत्नांनंतर मागितला. निव्वळ माहितीच्या दृष्टीने पाहता तो फसलेल्या प्रयत्नांनंतर अधिक उपयोगी असायला हवा होता. २००७ मध्ये याच संशोधकांनी चांगल्या प्रयत्नांनंतर दिलेला अभिप्राय अधिक लाभदायक ठरल्याचे नोंदवले. पुढे लेवथवेट आणि वुल्फ यांनी २०१० मध्ये तोल सांभाळण्याच्या एका कामात, आपण इतरांहून सरस आहोत असे काहींना खोटेच सांगितले, आणि ते खरोखरच अधिक चांगले शिकले.

यामागची मेंदूतील यंत्रणा अंशतः समजलेली आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांतून असे दिसले की डोपामाइन हे संदेशवाहक रसायन वापरणाऱ्या मेंदूतील चेतापेशी बक्षिसापेक्षा बक्षीस आणि अपेक्षा यांच्यातील फरकाला प्रतिसाद देतात. अपेक्षेहून चांगले घडले की त्यांची सक्रियता वाढते. दुसरीकडे, हालचालीतल्या दिशेच्या किंवा अंतराच्या चुका सुधारण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. या दोन यंत्रणा वेगवेगळ्या वेगाने शिकतात. मित्सुनारी आबे आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधील अभ्यासात, चिमटीचा जोर नियंत्रित करण्याचा सराव करताना पैशांचे बक्षीस मिळालेल्या गटाचे कौशल्य ३० दिवसांनंतरही टिकून होते. दंड झालेल्या आणि काहीच न मिळालेल्या गटांचे मात्र घसरले. गॅलिया आणि सहकाऱ्यांना २०१५ मध्ये असे आढळले की दंडाच्या धास्तीने हालचाल बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेणे वेगाने होते, तर बक्षिसाने शिकलेले अधिक टिकते. पुढील प्रयोगांत कामाच्या स्वरूपानुसार हे निष्कर्ष बदललेले दिसतात, त्यामुळे त्यांवरून सरसकट नियम बांधणे घाईचे होईल.

अशीच सावधगिरी प्रेरणेविषयीच्या लोकप्रिय दाव्यांबाबतही हवी. अभिप्राय केव्हा घ्यायचा यासारख्या गोष्टींत शिकणाऱ्याला निवडीचे स्वातंत्र्य दिले की शिकणे सुधारते, हे पाठ्यपुस्तकांत स्थिरावलेले मत आहे; परंतु मॅके आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अशा प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा बहुतेक प्रयोगांत सहभागींची संख्या फार लहान असल्याचे, आणि अनुकूल निकालच प्रसिद्ध होण्याचा कल हिशेबात घेतल्यावर परिणाम जवळजवळ शून्यापर्यंत खाली येत असल्याचे त्यांना आढळले. निवड देऊ नये असा याचा अर्थ नाही. ती देण्यात काही खर्चही होत नाही. फक्त तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नये.

पक्षाघातानंतर चालायला शिकणाऱ्या रुग्णांवर झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत माहिती आणि प्रेरणा यांचा संयोग साधेपणाने वापरला गेला. दिवसातून एकदा रुग्णाला १० मीटर चालायला सांगायचे, लागलेला वेळ मोजायचा, आणि त्याचा वेग त्याला उत्तेजनाच्या दोन शब्दांसह सांगायचा. बाकीचे उपचार नेहमीचेच होते. रुग्णालयातून घरी सोडताना या गटाचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ०.९१ मीटर होता, तर वेग न सांगितलेल्या गटाचा सुमारे ०.७२ मीटर. हे मापन उपचार संपतानाचे आहे, त्यामुळे यातले टिकाऊ शिकणे किती आणि त्या वेळचा उत्साह किती, हे केवळ या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही.