उचल (ऊसतोड मजुरांची भरती)

ऊसतोडीच्या हंगामाआधी मजूर मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या मध्यस्थाकडून, जी आगाऊ रक्कम घेतो आणि पुढे तोडीच्या मजुरीतून फेडतो, तिला उचल म्हणतात. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांची मजूरभरती मुख्यतः उचलीवरच चालते. वेठबिगारीची सुरुवात होते तीही इथूनच, मजूर गाव सोडण्याच्या कितीतरी आधी.

बीड जिल्हा हा या भरतीचा गाभा. पाथर्डी, जालना, परभणी, धाराशिव या भागांतूनही टोळ्या निघतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर किंवा कर्नाटकच्या सीमाभागातल्या कारखान्यांवर जातात. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते. उचल मात्र पावसाळ्यातच वाटली जाते. हाताला काम नसते, पेरणीचा खर्च झालेला असतो, एखादे लग्न किंवा दवाखाना निघालेला असतो. रक्कम कोयत्यावर ठरते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा. पैसे बहुधा नवऱ्याच्या हाती पडतात, पण बांधले जातात दोघांचे श्रम. शिवाय मोळ्या बांधून वाहणारी, कोपीवर (तात्पुरत्या झोपडीवर) स्वयंपाक करणारी आणि पोरे सांभाळणारी बाई हिशेबात स्वतंत्र मजूर म्हणून कुठेच येत नाही. बीडमध्ये 82,309 ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, हा 2019 मध्ये समोर आलेला आकडा या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. एक दिवस काम बुडाले की खाडा, म्हणजे दंड, लागतो. दुखणे अंगावर काढण्यापेक्षा शस्त्रक्रिया परवडते असे वाटायला तेवढे कारण पुरते.

कारखाना सहसा मजुराशी करार करत नाही. तो तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी किंवा वाहनमालकाशी होतो, वाहनमालक मुकादम गाठतो आणि मुकादम टोळी जमवतो. त्यामुळे अपघात झाला की मजूर कोणाचा, हा प्रश्न प्रत्येक जण पुढच्याकडे ढकलतो. दर तसे जाहीरपणे ठरतात: जानेवारी 2024 मध्ये कारखान्यांचा साखर संघ आणि मजूर संघटनांच्या वाटाघाटीत तोडणीदरात 34 टक्के वाढ मान्य झाली. पण तो दर मजुराच्या हातात किती उतरतो, हे मुकादमाच्या वहीवर अवलंबून. खाडे, किराणा आणि कुठे कुठे व्याजही वजा होते, आणि हंगामाअखेर उरलेली बाकी पुढच्या वर्षावर जाते. एकाच मुकादमाकडे वर्षानुवर्षे जाणारी कुटुंबे त्यातूनच तयार होतात.

दुसरी बाजूही आहे. काही मजूर दोन-तीन मुकादमांची उचल घेऊन पसार होतात, कर्ज काढून उचल वाटलेला वाहनमालक बुडतो आणि फसवणुकीच्या तक्रारी पोलिसांत जातात. मात्र वसुलीसाठी मजुराला किंवा त्याच्या मुलाबाळांना डांबून ठेवणे हा सरळ गुन्हा आहे, मग बाकी कितीही खरी असो.

संविधानाच्या अनुच्छेद 23 ने वेठबिगारीला मनाई केली आहे. 1976 च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने असे कर्जच रद्द ठरवले. नुसती आगाऊ रक्कम देणे बेकायदा नाही. तिच्यामुळे काम सोडण्याचे, दुसरीकडे जाण्याचे किंवा किमान वेतनाचे स्वातंत्र्य गेले, की ती वेठबिगारी ठरते. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले: किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर करून घेतलेले काम हीदेखील सक्तीची मजुरी होय. असे असूनही स्टँप पेपरवर अंगठा घेतलेला कागद कोर्टात चालेल, अशी समजूत गावोगाव टिकून आहे.

प्रतिबंधाचे उपाय भरतीच्या आठवड्यांतच करावे लागतात. ऊसतोड कामगारांसाठी राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे. ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे धोरणही आले. याला जोड हवी ती उचल बँकखात्यातून आणि नवरा-बायको दोघांच्या नावे देण्याची, वजनपावतीची प्रत टोळीला मिळण्याची, आणि मुकादम कोणीही असला तरी जबाबदारी कारखान्यावर ठेवण्याची. भरतीचा खर्च मजुराने सोसू नये, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे 2016 चे तत्त्व सांगते. इथे मुकादमाचे कमिशन कारखाना मजुरीवर वेगळे देतो, म्हणून कागदावर ते पाळलेच जाते. खाडा आणि व्याज त्या कागदावर नसतात.

सुटका झालेल्या मजुराला जिल्हा प्रशासनाकडून मुक्ती प्रमाणपत्र मिळते. 2016 च्या केंद्रीय योजनेत प्रौढ पुरुषाला 1 लाख, स्त्रिया व मुलांना 2 लाख आणि अतिगंभीर प्रकरणांत 3 लाख रुपयांचे पुनर्वसन साहाय्य आहे. तातडीची रक्कम लवकर मिळू शकते. उरलेली मात्र आरोपीच्या दोषसिद्धीशी जोडलेली आहे.