पाळकीय पत्रांवरचं भाष्य

बायबलच्या नव्या करारात तीमथ्य आणि तीत या सहकाऱ्यांना, पहिल्याला दोन आणि दुसऱ्याला एक, अशी प्रेषित पौलाच्या नावावर असलेली तीन पत्रं आहेत, त्यांना मिळून पाळकीय पत्रं म्हणतात, आणि मंडळी (चर्च) सांभाळणाऱ्या पाळकाला त्यांचा ओळीओळीनं अर्थ लावून देणारं लिखाण म्हणजे हे भाष्य. जुन्या मराठीत याला टीकाच म्हणायचे, बाबा पदमनजींनी (१८३१–१९०६) नव्या करारावर लिहिली ती टीकाच, पण आज "पौलावर टीका" म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं याने पौलाला नावं ठेवली. "पाळकीय" हे नावही मूळचं नाही, १८व्या शतकात जर्मनीतल्या हाले इथल्या पाउल आंटोन या अभ्यासकामुळे ते रूढ झालं असं धरतात.

खरा घोळ लेखकाचा आहे, म्हणजे पत्रं खरंच पौलाची का हा. १८०७ मध्ये श्लायरमाखर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने तीमथ्याच्या पहिल्या पत्रावर शंका काढली आणि पुढे ती तिन्ही पत्रांवर गेली. नव्या करारात दुसरीकडे कुठेच नसलेले सुमारे १७५ ग्रीक शब्द यांत येतात, शिवाय तीताला क्रेत बेटावर ठेवून पौल पुढे गेला वगैरे प्रवास नव्या करारातल्या "प्रेषितांची कृत्ये" या पुस्तकात बसवता बसत नाही. परंपरेचं उत्तर असं की पौल रोमच्या कैदेतून सुटला, फिरला, परत पकडला गेला, म्हणजे पत्रं साधारण इ.स. ६२ ते ६७ मधली. बरेच अभ्यासक मात्र ती शिष्याने मागाहून, पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा थोडी नंतर लिहिली असं मानतात. शब्द मोजण्यावर फार भिस्त ठेवू नये, पत्रं छोटी आहेत आणि लेखनिकही बदलतो. पण तिन्ही एका माळेत ओवणंही बरोबर वाटत नाही, तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात त्रोवस गावी राहिलेला झगा आणि चर्मपत्रं मागवणारा माणूस बराच जवळचा वाटतो.

गिरगाव-भायखळ्याच्या पाळकसाहेबांना तारखांपेक्षा जास्त नडतं ते मंडळीच्या अध्यक्षाच्या अटींतलं "एका स्त्रीचा पती" (१ तीमथ्य ३:२). बहुपत्नीत्वाला बंदी, की विधुराने परत लग्न करू नये, की नुसतं एकनिष्ठ असावं? याची किल्ली ५:९ मध्ये आहे, तिथे विधवेसाठी हाच शब्दप्रयोग उलटा करून येतो, एका बाईला अनेक नवरे ही काही तिथली रीत नव्हती, त्यामुळे पहिला अर्थ लंगडा पडतो, आणि ५:१४ मध्ये तरुण विधवांना लग्न करा असंच सांगितलंय म्हटल्यावर दुसराही डळमळतो. राहिला एकनिष्ठेचा, तोच धरावा.

तीताच्या पत्रात १:५ ला "वडील" आणि १:७ ला "अध्यक्ष" (म्हणजे बिशप) एकाच माणसासाठी आल्यासारखे दिसतात, म्हणजे बिशप आणि वडील ही वेगळी पदं तेव्हा अजून पक्की झालेली नसावीत.