बिटब्लिट
बिटब्लिट : एका प्रतिमेतील आयताकृती खंडाचे पिक्सेल दुसऱ्या प्रतिमेत, किंवा त्याच प्रतिमेत अन्यत्र, एकगठ्ठा उतरविण्याची संगणकीय क्रिया. मूळ खंड, नक्कल ठेवण्याची जागा आणि दोहोंकडील पिक्सेलांचा मेळ घालण्याचा नियम तिला पुरवावा लागतो. हा नियम बहुधा साध्या नकलेचा असतो. एक्सॉर (दोन बिटे भिन्न असली तर १, सारखी असली तर ०) या नियमाने मात्र तीच आकृती दोनदा उमटविली असता मूळ चित्र जसेच्या तसे परत मिळते.

ही क्रिया कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या संशोधनकेंद्रात, आल्टो संगणकावरील स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रणालीसाठी सिद्ध झाली, याविषयी मतभेद नाही. काळ सामान्यतः १९७५ च्या सुमाराचा मानला जातो. श्रेयाबाबत नोंदी जुळत नाहीत. काहींत डॅन इंगल्स यांचे एकट्याचे नाव आढळते, काहींत त्यांच्यासह डायना मेरी यांचे, तर काही ठिकाणी लॅरी टेस्लर व बॉब स्प्राउल हेही सहकर्ते ठरतात. अक्षरे उमटविणे, मजकूर सरकविणे, खिडक्या हलविणे अशी निरनिराळी कामे एकाच क्रियेत सामावली गेली, हे पाहता सामूहिक श्रेय अधिक सयुक्तिक वाटते. तिची सूक्ष्मप्रोग्रामाच्या (प्रक्रियकाच्या आतील मूलभूत सूचनांच्या) रूपातील फेरमांडणी मात्र इंगल्स यांची. आल्टोच्या ६०६ × ८०८ पिक्सेलांच्या पडद्यावर प्रत्येक पिक्सेल एका बिटाचा होता, पण स्मृतीतून वाचन १६ बिटांच्या गटाने, म्हणजे ‘शब्दा’ने, होई. त्यामुळे खंडाची कड शब्दाच्या मध्येच पडली, की बिटे सरकवून घेणे आणि कडेबाहेरच्या बिटांना मुखवट्याने (कोणती बिटे बदलायची हे ठरविणाऱ्या बिटमालिकेने) धक्का लागू न देणे, यातच या क्रियेची खरी कसोटी होती. पुढे बेल लॅबोरेटरीजच्या ब्लिट टर्मिनलमध्ये त्या त्या नकलेपुरता यंत्रसंकेत ऐनवेळी रचण्याची युक्ती योजण्यात आली. १९८५ च्या अमिगा संगणकात याच कामासाठी स्वतंत्र विद्युत मंडल होते.

एका पिक्सेलला एक वा अधिक पूर्ण बाइट मिळू लागल्यावर बिटे सरकविण्याची अडचण मागे पडली आणि स्मृतीतील मांडणीला महत्त्व आले. प्रतिमेच्या एका ओळीच्या आरंभापासून पुढील ओळीच्या आरंभापर्यंतच्या अंतराला स्ट्राइड म्हणतात, आणि ते रुंदीइतकेच असेल असे नाही. स्कॅन केलेला गावनकाशा १००१ पिक्सेल रुंद व पिक्सेलला ३ बाइट असा असल्यास एका ओळीत ३००३ बाइट भरतात. बीएमपी या प्रतिमा-प्रकारच्या फाइलमध्ये ओळ ४ च्या पटीत न्यावी लागत असल्याने ती ३००४ बाइटांची होते. हा एक बाइट विसरला गेला, तर प्रत्येक ओळ थोडी अधिक सरकून गटांच्या हद्दी तिरप्या दिसतात व रंगही अदलाबदल होतात.

गती मुख्यतः निर्णय किती वेळा घ्यावे लागतात यावर ठरते. एकेक पिक्सेल वाचून लिहिण्याच्या गेटपिक्सेल-सेटपिक्सेल पद्धतीत हद्दीची तपासणी आणि रंगाचे रूपांतर दर पिक्सेलला होते. ओळीगणिक नकलेत ते ओळीमागे एकदाच पुरते. विदर्भातील कपाशीच्या क्षेत्राचे सेंटिनेल-२ उपग्रहाचे चित्र घेतले, तर १० मीटर विभेदनाच्या एका रंगपट्ट्याच्या चित्रात १०९८० × १०९८० पिक्सेल, म्हणजे १६ बिटांच्या हिशेबाने सुमारे २४ कोटी बाइट असतात. ते ओळींऐवजी स्तंभांच्या क्रमाने वाचले, तर प्रक्रियकाच्या जलद स्मृतीत एका वेळी येणाऱ्या ६४ बाइटांच्या कॅश-ओळीतील ३२ पिक्सेलांपैकी एकच वापरून पुढे जावे लागते. पायथन भाषेत दुहेरी लूपऐवजी नमपाय या गणन-संचातील अख्खा खंड एकदम भरण्याची सोय वापरावी, ते याचसाठी. मूळ व नवा खंड एकाच प्रतिमेत परस्परांवर येत असल्यास सी भाषेतील मेमसीपीवाय हे नक्कल-फलन वर्ज्य असून परस्परांवर येणारे खंड सांभाळणारे मेममूव्ह वापरावे लागते; खंड खाली सरकवायचा असेल, तर ओळीही शेवटापासून घ्याव्या लागतात.

दोन्ही प्रतिमांचे पिक्सेल-जाळे एकच असले, तरच ही नक्कल अर्थपूर्ण ठरते. यूटीएम या नकाशा-प्रक्षेपण पद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात; त्यांतील ४३ व ४४ हे पट्टे ७८° पूर्व रेखांशावर भिडतात आणि ही रेषा यवतमाळ जिल्ह्यातूनच जाते : दारव्हा, दिग्रस, पुसद एका बाजूस, तर पांढरकवडा व वणी दुसऱ्या. दोन पट्ट्यांतील चित्रे परस्परांशी किंचित फिरलेली असल्याने जिल्ह्याचे अखंड चित्र केवळ खंड उचलून तयार होत नाही. आधी एका चित्राचे पिक्सेल दुसऱ्याच्या जाळ्यावर नव्याने गणून घ्यावे लागतात. त्यानंतर माहितीविरहित काळ्या कडा मुखवट्याने वगळून खंड उतरविता येतो.