पीटीचा तास आणि गणिताचे मार्क: एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

वार्षिक परीक्षा जवळ आली की वेळापत्रकात पहिली गदा पीटीच्या तासावर येते. ‘पोर्शन राहिलाय’ म्हणत गणिताच्या बाई वर्गात येतात आणि मुलं मुकाट्यानं वह्या काढतात. मैदानावर गेलेला वेळ अभ्यासातून वजा होतो, असं आपण सगळेच धरून चालतो. पण हे खरोखर तपासून पाहिलं गेलं आहे, तेही सत्तरेक वर्षांपासून.

आपल्याकडे शाळेत व्यायाम आला तो तब्येतीसाठी आणि देशासाठी. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार घालायला लावले, तेव्हा डोळ्यांपुढे निरोगी पिढी होती, मार्क नव्हे. मार्कांचा प्रश्न पुढे आला तो फ्रान्समध्ये. पॅरिसला लागून असलेल्या व्हान्वमध्ये १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. माक्स फुरेस्तिए यांच्या पुढाकारानं एका शाळेत सकाळी अभ्यास आणि दुपारी खेळ असा बदल झाला. अभ्यासाचे तास बरेच कमी होऊनही निकाल घसरले नाहीत.

पण खरा कस लागला तो कॅनडात. क्वेबेक प्रांतातल्या त्र्वा-रिव्हिएर भागात १९७० ते १९७७ या काळात रॉय शेफर्ड आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळेतल्या ५४६ मुलांचा अभ्यास केला. एका गटाला रोज एक तास जादा व्यायाम मिळाला, तोही प्रशिक्षित क्रीडाशिक्षकांकडून. त्यासाठी इतर विषयांचा वेळ १३-१४ टक्क्यांनी कापला. तुलनेला त्याच शाळांतल्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांच्या तुकड्या घेतल्या. मला ही निवड फार शहाणपणाची वाटते, कारण शाळा तीच, गाव तेच, घरची परिस्थितीही साधारण तीच. पहिलीत मार्कांमध्ये तुलनेची मुलं पुढे होती. दुसरीपासून सहावीपर्यंत मात्र व्यायाम करणारी मुलं पुढे गेली. क्रीडाशिक्षक आल्यानं वर्गशिक्षकांना रोज थोडी उसंत मिळत होती, त्याचाही हातभार असू शकेल, हे शेफर्ड यांनी मोकळेपणानं मांडलं.

असं का होतं, याचं उत्तर तेव्हा कुणाकडे नव्हतं. ते पुढे प्रयोगशाळेत शोधलं गेलं. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात कार्ल कॉटमन यांच्या गटाला दिसलं की चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूत चेतापेशींना पोसणारं बीडीएनएफ हे प्रथिन वाढतं. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच सॉल्क या संशोधन संस्थेत, धावणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागात, नव्या पेशी जास्त तयार होताना आढळल्या. अर्थात उंदरावरून थेट चौथीच्या मुलावर उडी मारता येत नाही.

म्हणून मुलांवरच्या चाचण्या महत्त्वाच्या. अमेरिकेत जॉर्जियामध्ये ७ ते ११ वर्षांच्या, वजन जास्त असलेल्या १७१ मुलांपैकी काहींना शाळेनंतर रोज २० मिनिटं, काहींना ४० मिनिटं दमवणारे खेळ खेळायला दिले. उरलेल्यांचं नेहमीसारखंच चालू राहिलं. व्यायाम जितका जास्त, तितकी आखणी करण्याची क्षमता आणि गणित सुधारलं. वाचनात मात्र फरक पडला नाही. २०११ चं हे काम. इलिनॉयमध्ये चार्ल्स हिलमन यांनी २०१४ मध्ये २२१ मुलांवरची व्यायामाचीच नऊ महिन्यांची चाचणी प्रसिद्ध केली. त्यात मोह आवरणं आणि नियम बदलला की चटकन जुळवून घेणं सुधारलं. पाढे म्हणताना खिडकीबाहेर न पाहणं, बेरजेवरून वजाबाकीवर न गोंधळता जाणं, हे त्याच क्षमतांचं काम.

मग व्यायामानं मार्क वाढतातच का? इथे जपून बोलायला हवं. नॉर्वेत २०१४-१५ मध्ये ५७ शाळांतल्या पाचवीच्या ११०० हून अधिक मुलांवर मोठा प्रयोग झाला. आठवड्याला १६५ मिनिटं जादा हालचाल. त्यातली ९० मिनिटं भाषा आणि गणिताचे धडेच अंगणात, पळता पळता. सगळी मुलं एकत्र धरली तर मार्कांत फरक दिसला नाही. नुकसानही झालं नाही. पण गणितात सर्वांत मागे असलेल्या एक तृतीयांश मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. आपल्याकडे खेळ सोडून जादा तासाला बसवलं जातं ते बहुधा याच मुलांना.