न्यू डॉन (वेली गुलाब)

न्यू डॉन हा अमेरिकेतील फिकट गुलाबी, मोठ्या फुलांचा जुना वेली गुलाब. १९३० साली तो विक्रीला आला आणि १८ ऑगस्ट १९३१ रोजी त्याला अमेरिकेतील वनस्पतींचे पहिले पेटंट, क्रमांक १, मिळाले. बहुतेक ठिकाणी त्याची ओळख या पेटंटापाशीच संपते. पण हा गुलाब आजही टिकून आहे तो पेटंटाच्या वीस वर्षे आधी झालेल्या कामामुळे, आणि ते काम वॉल्टर व्हॅन फ्लीट यांचे.

व्हॅन फ्लीट (१८५७–१९२२) मूळचे डॉक्टर. वैद्यकी सोडून ते वनस्पतींच्या संकराकडे वळले आणि पुढे अमेरिकेच्या कृषी खात्यात रुजू झाले. युरोपातून येणारे नाजूक गुलाब अमेरिकेच्या पूर्व भागातील कडाक्याच्या थंडीत तग धरत नसत. साध्या घराच्या अंगणात, फारशी निगा न घेताही निरोगी राहील असा गुलाब त्यांना हवा होता. त्यासाठी त्यांनी रोझा विखुराना हा पूर्व आशियातला रानगुलाब निवडला. तो जमिनीवर सरपटतो, त्याची पाने चकचकीत असतात आणि थंडीला तो दाद देत नाही. त्याचा संकर त्यांनी सॅफ्रानो या १८३९ च्या फ्रेंच टी गुलाबाशी (‘टी’ हा बागेतल्या नाजूक गुलाबांचा एक जुना गट) केला. त्यातून आलेल्या रोपाचा पुन्हा ‘सुव्हनीर द्यु प्रेसिदाँ कार्नो’ या हायब्रिड टी, म्हणजे टी गुलाबांच्या संकरातून आलेल्या, गुलाबाशी संकर केला. १८९४ मध्ये ल्यों शहरात हत्या झालेल्या फ्रेंच राष्ट्राध्यक्षांचे नाव या जातीला दिलेले आहे. या दुहेरी संकरातून आलेला वेल १९१० साली ‘डॉ. डब्ल्यू. व्हॅन फ्लीट’ या नावाने बाजारात आला. रानगुलाबाचा काटकपणा आणि बागेतल्या गुलाबाचे डौलदार फूल त्यात एकत्र आले होते. उणीव एकच होती: तो वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुले.

ही उणीव वेली गुलाबांत सर्रास आढळते आणि तिचे कारण जाणून घेण्यासारखे आहे. गुलाबात ‘केएसएन’ नावाचे एक जनुक फुलोरा रोखून धरते. एकदा बहर येऊन गेला की त्याचा जोर वाढतो. नवे फुटवे कळ्या न धरता नुसतेच लांब वाढत जातात आणि त्यांच्यावर फुले येतात ती पुढच्या वर्षी. सतत फुलणाऱ्या चिनी गुलाबांत हे जनुक बिघडलेले असते. तिथे जवळजवळ प्रत्येक फुटवा फुलात संपतो आणि झाड झुडूपच राहते. म्हणजे उंच चढणे आणि वारंवार फुलणे या दोन गोष्टी सहसा एकमेकींच्या आड येतात. न्यू डॉनमध्ये त्या एकत्र नांदतात, म्हणून त्याचे एवढे अप्रूप.

हा बदल कोणी संकर करून घडवला नाही. न्यू जर्सी राज्यातील न्यू ब्रन्सविकचे उद्यानकार हेन्री बोसेनबर्ग यांना ‘व्हॅन फ्लीट’ जातीत शरद ऋतूपर्यंत फुलत राहणारा वेल आढळला. असे कलिका-उत्परिवर्तन, म्हणजे फांदीवरच्या एखाद्या डोळ्यातून (अंकुरातून) वेगळ्या गुणाची फांदी फुटणे, गुलाबात अधूनमधून होते. ते नजरेने टिपणे आणि त्या फांदीच्या डोळ्यांची कलमे करून रोपे वाढवणे हे बोसेनबर्ग यांचे श्रेय, आणि ते लहान नाही. तरीही रंग, पाने, काटकपणा सारे व्हॅन फ्लीट यांच्या वेलाचेच होते. ते स्वतः १९२२ मध्येच वारले होते.

वेळही अचूक जुळून आली. २३ मे १९३० रोजी अमेरिकेत वनस्पती पेटंट कायदा झाला. तोवर नवी जात काढणाऱ्याला संरक्षण नव्हते. एक रोप विकले की दुसरा कोणीही त्याच्या फांदीवरून हवी तेवढी कलमे करू शके. या कायद्याच्या बाजूने थॉमस एडिसन यांनीही वजन टाकले होते. संरक्षण १७ वर्षांचे आणि फक्त कलम, डोळा किंवा छाटाने वाढवलेल्या जातींना होते. बटाट्यासारखी कंदवर्गीय पिके त्यातून वगळली होती. पेटंटात न्यू डॉनचे वेगळेपण म्हणून सांगितले गेले ते त्याचे सतत फुलणे.

वेल तीन ते सहा मीटर वाढतो. कळी गुलाबी असते. फूल उमलते तसा रंग फिका पडत जातो आणि कडक उन्हात पाकळ्यांच्या कडा जवळजवळ पांढऱ्या होतात. सुगंध मंद, गोडसर. काटे मोठे, बाकदार आणि चांगलेच बोचणारे, त्यामुळे छाटणीला जाड हातमोजे हवेतच. गुलाबाला धरून चढण्यासाठी तणावे नसतात, त्याला बांधावे लागते. फांद्या सरळ उभ्या बांधल्या तर फुले शेंड्यालाच येतात. त्याच आडव्या वाकवून बांधल्या की शेंड्याचा दाब कमी होतो, जवळपास प्रत्येक डोळा फुटतो आणि वेल बुंध्यापासून फुलांनी भरतो. थोडी सावली त्याला चालते.

पुढच्या अनेक वेली गुलाबांच्या वंशात न्यू डॉन आहे: १९४९ चे ‘अलोहा’ आणि ‘व्हाइट डॉन’, १९६७ चा ‘बँट्री बे’. अधिक पाकळ्यांचा ‘अवेकनिंग’ हेही त्याचेच उत्परिवर्तन. तो १९३५ मध्ये चेकोस्लोव्हाकियात यान ब्योम यांनी आणला. १९९७ मध्ये जागतिक गुलाब संघटनांच्या महासंघाने न्यू डॉनला आपल्या मानाच्या यादीत स्थान दिले.

छाटापासून तो सहज रुजतो, पण मूळ रूपाकडे परतण्याची त्याची खोड आहे. कधी कधी एखादी जोमदार फांदी पुन्हा ‘व्हॅन फ्लीट’ बनते, आणि तिच्यावरून केलेली रोपे न्यू डॉन म्हणून विकली गेली तर ती पहिल्या बहरानंतर फुलतच नाहीत. म्हणून कलमासाठी काडी घ्यायची ती पहिल्या बहरात नव्हे, तर उन्हाळा सरताना ज्या फांदीवर फुले दिसतील त्याच फांदीची.