रोमा चांदीकाम

पूर्व आणि मध्य युरोपातील रोमा समाजाच्या काही गटांकडे पिढीजात चालत आलेले चांदीचे, आणि त्याच्या जोडीने तांब्याचे व सोन्याचे, दागिनेकाम. रोमानियात हे काम करणाऱ्यांना ‘आर्जिंतारी’ म्हणतात. अंगठ्या, कडी, कानातले, नाण्यांच्या माळा, पट्ट्यांच्या बकला आणि पुरुष घालतात ती जड माथ्याची ‘ग्युल’ ही अंगठी हा त्यांचा मुख्य माल. अलीकडच्या काळात प्रवाशांच्या हाती हातोडी देऊन शिकवणाऱ्या छोट्या कार्यशाळाही निघाल्या आहेत. त्यांतील कामाचा क्रम पुढे दिला आहे.

रोमा म्हटले की धातुकाम, हे समीकरण चुकीचे आहे. समाजात व्यवसायानुसार अनेक गट पडले आणि त्यांची नावे बहुधा व्यवसायावरूनच आली. काल्देराश म्हणजे तांब्याच्या कढया-हंडे करणारे. लोवारी घोड्यांचे व्यापारी. उर्सारी अस्वले खेळवणारे. आउरारी नदीच्या वाळूतून सोने धुऊन काढणारे, म्हणजे आपल्याकडचे झारेकरी सोनाराच्या दुकानातली धूळ धुतात तसे. आर्जिंतारी हा यांतला एक लहान गट. तांबटकाम आणि चांदीकाम यांच्या सीमा मात्र पुष्कळ ठिकाणी पुसट आहेत.

उगमाचा प्रश्न

रोमांचे पूर्वज भारतातून गेले याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो केव्हा, कोणत्या मार्गाने आणि कोणता धंदा घेऊन, याबद्दल. भाषाशास्त्रज्ञ आर. एल. टर्नर यांनी १९२६ मध्ये दाखवले की रोमानी भाषा मुळात मध्यवर्ती हिंद-आर्य गटातली असून वायव्येशी तिचा संपर्क नंतरचा आहे. निघण्याच्या काळाबद्दल दोन बाजू आहेत. जनुकीय अभ्यासांतून सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा काळ सुचवला जातो. काही भाषाशास्त्रज्ञ तो इ. स. १००० च्या जवळ ओढतात, कारण बहुतेक उत्तर हिंद-आर्य भाषांप्रमाणे रोमानीनेही नपुंसकलिंग गमावले आहे. (मराठी व गुजरातीने ते राखले.) दोन्ही मते जुळवायची तर समाज वेगळा पडणे आणि सीमेपलीकडे जाणे या दोन घटनांमध्ये बरेच अंतर गेले असे धरावे लागते. ते अशक्य नाही.

धातुकाम भारतातूनच नेले, असे मानणारे रोमानीतील ‘रुप’ (चांदी, मराठी रुपे), ‘सोव्नाकाइ’ (सोने), ‘सास्तेर’ (लोखंड, संस्कृत शस्त्र) आणि ‘आंग्रुस्ती’ (अंगठी) हे शब्द पुढे करतात. पण ही नावे धातूंची आणि वस्तूंची आहेत. हत्यारांची यादी पाहिली की चित्र बदलते. ऐरण ‘आमोनी’, हातोडा ‘स्विरी’, खिळा ‘कार्फिन’, नाल ‘पेतालो’, किटली ‘काकावी’ हे सगळे शब्द ग्रीक. तांबे आणि शिसे यांची नावेही ग्रीकवरून आलेली. कथिलाला मात्र ‘आर्चिची’ हा आर्मेनियन शब्द. यावरून कामाचे तंत्र आणि धंदा म्हणून त्याची घडण बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) प्रदेशात, आनातोलिया व बाल्कन भागात झाली असे अनुमान निघते. याला एक आक्षेप आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. रोमानीने सात, आठ, नऊ हे अंकही ग्रीकमधून घेतले; म्हणून त्याआधी त्यांना मोजता येत नव्हते असे कोणी म्हणत नाही. शब्द बदलले तरी हात जुनाच असू शकतो. तरीही हत्यारांची इतकी सलग नावे परकी असावीत आणि भारतीय कारूंची, म्हणजे लोहार-सोनारांची, एकही खास संज्ञा टिकू नये, हे पाहता बायझंटाइन घडणीचा पक्ष अधिक वजनदार वाटतो.

फारसी परंपरेतील बहराम गूर (पाचवे शतक) या राजाने भारतातून दहा हजार ‘लुरी’ बोलावल्याची कथा या संदर्भात वारंवार दिली जाते. कवी फिर्दौसीने ती अकराव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे मूळ काळानंतर साधारण पावणेसहाशे वर्षांनी नोंदवली. शिवाय त्या कथेतले लुरी वादक आहेत, धातुकारागीर नव्हेत.

राजस्थानातील गाडिया लोहार, महाराष्ट्रातील घिसाडी आणि बंजारा यांच्याशी थेट नाते जोडण्याची प्रथा भारतात लोकप्रिय आहे. लमाणी स्त्रियांच्या आणि काल्देराश स्त्रियांच्या नाण्यांच्या माळा शेजारी ठेवल्या की मोह होतोच. परंतु नाण्यांचे दागिने ऑटोमन राजवटीखालच्या बाल्कनमध्ये ग्रीक, बल्गेरियन, अल्बेनियन, सर्ब अशा सर्वांच्याच स्त्रिया घालत. त्यामुळे हे साम्य उगमाचा पुरावा म्हणून चालत नाही.

लेखी उल्लेख चौदाव्या शतकापासून मिळतात. १३८५ च्या एका सनदेत वालाकियाचा राजा पहिला दान याने ४० रोमा कुटुंबे तिस्माना मठाला दिल्याची नोंद आहे. वालाकिया आणि मोल्दाविया या रोमानियन संस्थानांतील रोमांच्या गुलामगिरीचा हा आरंभीचा दस्तऐवज. कामाचे पहिले नीट वर्णन जर्मन यात्रेकरू आर्नोल्ड फोन हार्फ याचे. १४९७ मध्ये मोदोन (आजचे ग्रीसमधील मेथोनी) येथे त्याने पाहिले की कारागीर आणि त्याची बायको जमिनीवर मांडी घालून बसले आहेत, शेजारी जमिनीवरच भट्टी आहे, आणि कातडी पिशव्यांचे दोन भाते अर्धे पुरून ती ते आळीपाळीने उचलते-दाबते आहे. तो माल खिळ्यांचा होता, दागिन्यांचा नव्हे. बसून काम करण्याची ही पद्धत आणि बायकोकडे भाता, ही विभागणी पुढे शतकानुशतके टिकली. १४९६ मध्ये हंगेरीच्या दुसऱ्या व्लादिस्लावने पेच येथील बिशपासाठी दारूगोळा बनवणाऱ्या, २५ तंबूंच्या एका रोमा तुकडीला संरक्षणपत्र दिले होते.

रोमानियन संस्थानांत आउरारी हे राजाच्या मालकीचे गुलाम. ओल्त, आर्जेश अशा नद्यांचे सोने धुऊन ते वार्षिक खंडणी सोन्यातच भरत. गुलामगिरी मोल्दावियात १८५५ मध्ये आणि वालाकियात १८५६ मध्ये संपली. त्यानंतर कारागिरांचे तांडे दूरवर, रशिया, स्कँडिनेव्हिया आणि अमेरिकेपर्यंत पसरले.

नाणी आणि कस

खाणीची चांदी या कारागिरांना क्वचितच मिळे. कच्चा माल म्हणजे नाणी. मारिया थेरेसा थालर (२८.०७ ग्रॅम, कस ०.८३३), ऑस्ट्रिया-हंगेरीचा ५ कोरोना (२४ ग्रॅम, ०.९००) आणि रोमानियाचे ५ लेई (२५ ग्रॅम, ०.९००) ही नाणी आटवायला सोयीची. १९३० नंतरचा हंगेरीचा ५ पेंग्यो मात्र फसवा: वजन २५ ग्रॅम, पण कस फक्त ०.६४०. तशीच आटवली तर ही चांदी पिवळसर दिसते, तापवल्यावर काळी पडते आणि ठोकताना लवकर कडक होते. एका पेंग्योला ०.८०० पर्यंत आणायला २० ग्रॅम शुद्ध चांदी मिसळावी लागते, ०.९०० पर्यंत आणायला तब्बल ६५ ग्रॅम. म्हणून जुने रोमा दागिने पुष्कळदा ०.८०० च्या आसपास आढळतात. आजच्या कार्यशाळांतली चांदी साधारणपणे ०.९२५ असते.

सोन्याची नाणी आटवत नसत. ऑस्ट्रियाचे ४ डुकाट (१३.९६ ग्रॅम, ०.९८६, व्यास सुमारे ४० मि.मी.) हे सर्वांत मानाचे, ते वेणीत किंवा माळेत अडकवत. भोक पाडले तर किंमत उतरते, म्हणून कडेला छोटी कडी झाळतात, म्हणजे लवकर वितळणाऱ्या धातूच्या तुकड्याने (झाळीने) जोडतात. ही माळ म्हणजे कुटुंबाची ठेव. १९६० च्या डिक्री क्र. २१० नुसार रोमानियात मौल्यवान धातूंवर कडक निर्बंध आले आणि पुढील दशकांत पोलिसांनी काल्देराश कुटुंबांकडून असे सोने मोठ्या प्रमाणावर जप्त केले. १९८९ मध्ये साम्यवादी राजवट गेल्यानंतर, विशेषतः २००० च्या अध्यादेशानंतर, ते परत मिळवण्यासाठी अनेकांनी दावे लावले. ट्रान्सिल्व्हेनियातील गाबोर रोमांमध्ये सोन्याऐवजी चांदीचे जुने पेले आणि झाकणाचे मग हीच प्रतिष्ठेची ठेव मानतात. हे पेले त्यांनी घडवलेले नाहीत. जर्मन व हंगेरियन सोनारांचे आहेत.

कार्यशाळेतील काम

अर्ध्या दिवसाच्या वर्गात साधी पट्टीची अंगठी होते. माप आधी घ्यावे. पट्टीची लांबी म्हणजे आतला व्यास अधिक पत्र्याची जाडी, गुणिले ३.१४. आतला व्यास १७ मि.मी. आणि जाडी १.५ मि.मी. असेल तर ५८.१ मि.मी. येते, कानशीसाठी अर्धा मि.मी. जास्त ठेवतात. जाडी मिळवायला विसरले तर पट्टी ५३.४ मि.मी. निघते आणि अंगठीचा आतला व्यास १५.५ मि.मी. होऊन ती पेरावर अडकते. नवख्यांची ही सर्वांत नेहमीची चूक. ५ मि.मी. रुंद अंगठीचे वजन साधारण साडेचार ग्रॅम भरते, पण आटणी आणि कानसणीची घट धरून ८ ग्रॅम चांदी घ्यावी.

मुशीला आतून टाकणखाराचा थर देऊन चांदी वितळवतात. ०.९२५ चांदी सुमारे ८०० अंश सेल्सिअसला पाझरू लागते आणि ९०० च्या आसपास पूर्ण पातळ होते. वितळलेली चांदी आपल्या आकारमानाच्या सुमारे २० पट ऑक्सिजन शोषते आणि थिजताना तो ओकते; लगडीवर फोड आणि आत पोकळ्या येतात त्या यामुळे. म्हणून वर कोळशाची पूड टाकतात आणि ज्योत पिवळसर, म्हणजे कमी हवेची ठेवतात. साचा तेल लावून कोमट करावा. थंड साच्यात रस मध्येच थिजून लगडीत आडवी रेघ पडते, ती ठोकताना उकलते; ओलसर साच्यातून तो अंगावर उडतो.

लगड ऐरणीवर दर दोन-चार घावांनी पाव फेरा फिरवून चौकोनी ओढतात, मग पट्टी करतात. जाडी निम्म्यावर आली की धातू कडक झालेला असतो; हातोडीचा आवाज टणक होतो आणि घाव उसळतो. तेव्हा ६०० ते ६५० अंशांपर्यंत, मंद लाल होईतो, तापवून नरम करायचे. हा लाल रंग उन्हात दिसत नाही, म्हणून शेगडी सावलीत असते. शिकणाऱ्यासाठी पट्टीवर मार्करची रेघ ओढतात. ती नाहीशी झाली की ताव पुरे. कडेला केसाएवढी चीर दिसली तर लगेच कानशीने काढावी. पुढच्या घावांत ती आत धावते आणि मग पट्टी पुन्हा मुशीत टाकण्यावाचून इलाज नसतो.

झाळकामात सगळे यश सांध्यात आहे. दोन्ही टोके उजेडाला धरली असता फट दिसता कामा नये, कारण झाळ फट भरत नाही, चिकटलेल्या पृष्ठांमधून ओढली जाते. टाकणखाराचा लेप लावून गव्हाच्या दाण्याच्या चौथाईएवढा तुकडा ठेवायचा आणि ज्योत संपूर्ण अंगठीवर फिरवायची, तुकड्यावर नव्हे. झाळ नेहमी अधिक तापलेल्या बाजूला पळते. एकाच टोकावर ज्योत धरली की तिची गोळी होऊन तिथेच बसते. कॅडमियमची जुनी झाळ कमी तापात वाहते म्हणून काही म्हाताऱ्या हातांना प्रिय, पण तिचा धूर विषारी आहे; युरोपीय संघात २०११ च्या अखेरीपासून तिच्यावर बंदी आहे.

काळी पडलेली अंगठी गरम तुरटीच्या पाण्यात किंवा १० टक्के सल्फ्युरिक आम्लात उजळतात. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीच नाही. लोखंडी चिमटा या पाण्यात बुडाला की सगळ्या चांदीवर तांब्याचा गुलाबी थर चढतो. चिमटा तांब्याचा किंवा लाकडी हवा. यानंतर गोल सळईवर लाकडी मोगरीने गोलाई, मग कानस, बारीक पॉलिशपेपर, आणि शेवटी पोलादी हत्याराने घासून चकाकी.

रव्यांचे, म्हणजे चांदीच्या बारीक गोल दाण्यांचे, काम सहसा दुसऱ्या दिवशी. ०.८ मि.मी. तारेचे २ मि.मी. तुकडे कोळशावर वितळवले की सव्वा मि.मी.च्या जवळपास गोल रवे होतात. तुकडे समान नसतील तर रवे समान होत नाहीत. कौशल्य ज्योतीपेक्षा कापणीत आहे. ग्युल एका बैठकीत शिकवत नाहीत. तिचा भरीव माथा वाळूच्या साच्यात ओतून मग कोरतात, आणि कोरणीवर हात बसायला महिने जातात.

तांब्याचे कडे त्या मानाने सोपे. सिबिऊ जिल्ह्यातील मेदियाशजवळच्या ब्रातेइ गावात तांबटांची दुकाने रस्त्याच्या कडेला मांडलेली असतात. सुमारे १६० मि.मी. पट्टी ओंडक्यावर वाकवतात. शेवटचा ताव शेवटच्या ठोकणीच्या आधी द्यायचा. उलट केले तर कडे मऊ राहते आणि हातात घालताच फाकते. भांड्यांना आतून नवसागर टाकून कल्हई करतात, अगदी आपल्याकडच्यासारखी. कड्याला मात्र नाही, त्यावर फार तर मेण.

इतर देश

स्वीडनमध्ये रोसा तायकोन (१९२६–२०१७) यांनी काल्देराश कुटुंबातील चांदीकामाला कलाक्षेत्रात स्थान मिळवून दिले. १९६० च्या दशकात त्यांनी स्टॉकहोमच्या कोन्स्टफाक या कलासंस्थेत शिक्षण घेतले आणि १९६९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांच्या कामाचे प्रदर्शन भरले. तारकाम आणि रवेकाम ही त्यांची खूण. बुडापेस्टमध्ये एरिका वार्गा या सोनारकाम शिकलेल्या रोमा कारागीर-डिझायनरने २०१० च्या सुमारास ‘रोमानी डिझाइन’ सुरू केले. तिथे कपड्यांबरोबर दागिनेही होतात. चेक प्रजासत्ताकात ब्रनो येथील रोमा संस्कृती संग्रहालयात (स्थापना १९९१) दागिन्यांचा स्वतंत्र संग्रह आहे.